जात्याची घरघर आणि जॅकची सुरसुर

दिवाळीच्या सुट्टीत इंदूरला रामबागेतल्या आत्याकडे बसून तिच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड केल्या. आत्या 82 वर्षांची आहे. नुसतं बसून ओवी तिला आठवत नाही, हाताला खुंटा लागतो, म्हणून माळ्यावरचं जातं खाली काढलं. घरी येऊन लॅपटॉपला हेडफोन लावला आणि ओव्यांमागे सारखी सुरसुर ऐकू यायला लागली, पाऊस लांबून येत असावा तशी.

मला वाटलं, रेकॉर्डिंगच खराब झालं. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन लावलं, सुरसुर तशीच. जोर वाढवला, तरी तशीच. उलट जात्याची घरघर विरळ झाली आणि ओवी उचलण्याआधी आत्या घेते तो श्वास पुसला गेला. तेव्हा मात्र पोटात कालवलं. मूळ फाइल वेगळी ठेवली होती म्हणून वाचले.

मग दोन ओव्यांच्या मध्ये मुद्दाम पाच सेकंद कोरी शांतता घातली. पडद्यावर रेघ अगदी सरळ, आणि कानात सुरसुर चालूच. आवाज शून्यावर नेला तरी ती तसूभर कमी होईना. म्हणजे दोष फाइलमध्ये नव्हता, लॅपटॉपमध्ये होता.

तोच हेडफोन मोबाईलला लावला, स्वच्छ. चार्जर काढून बॅटरीवर ऐकलं, काही फरक नाही. तशी चार्जरची शंका मला कमीच होती: विजेचा त्रास सहसा 50 हर्ट्झच्या आसपासच्या जाड सुरात घुमतो, ही तर बारीक सुरसुर होती. जेल रोडवरच्या एका दुकानात दाखवलं. त्याने जॅकमध्ये पिन दोनदा फिरवली आणि म्हणाला, "दीदी, जॅक गया इसका." पण जॅक सैल असता तर पिन हलवल्यावर खरखर झाली असती, एक कान बंद पडला असता. तसं काहीच होत नव्हतं. मी लॅपटॉप उचलून परत आले.

माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू लिनक्स आहे. त्या रात्री टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, अल्सामिक्सर हे आवाजाच्या पट्ट्या दाखवणारं साधन उघडलं, एफ-सिक्स दाबून साउंड कार्ड निवडलं आणि एकेका पट्टीवर जाऊन पाहिलं. 3.5 मिलिमीटरच्या त्या एकाच भोकातून हेडफोनही चालतो आणि माइकही, त्यामुळे 'हेडफोन माइक बूस्ट' अशी एक पट्टी होती, शून्यावर. माइक मी वापरतच नव्हते, मग शून्यच बरं, असं कुणालाही वाटेल. तरी वरचा बाण एकदा दाबला, 10 डेसिबल. सुरसुर थांबली. एकदम, नळ बंद केल्यासारखी. पुन्हा शून्य केलं, आली. पुन्हा 10, गेली. काही लॅपटॉपच्या साउंड चिपमध्ये ही खोड असते, हे नंतर वाचलं. प्रत्येक मशीनला हाच उपाय लागू पडेल असं नाही, पण जॅक बदलण्याआधी ती पट्टी हलवून बघायला पैसे लागत नाहीत. पुढे जाऊन 'अल्साक्टल स्टोअर' ही आज्ञा दिली, म्हणजे लॅपटॉप बंद करून चालू केला तरी आकडा तसाच राहतो.

आवाज थांबल्यावर काही सेकंदांनी 'टक्' व्हायचं, ते वेगळंच प्रकरण निघालं. वापर नसला की ड्रायव्हर, म्हणजे साउंड कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, कार्डला झोपवतो. त्याचं 'पॉवर सेव्ह' शून्य केलं, टक् गेलं. बॅटरी थोडी जास्त जाते, जाऊ दे.

मग मूळ फाइल पहिल्यापासून ऐकली. वैरण, म्हणजे मूठभर दाणे, घालताना जातं क्षणभर मंदावतं, ते कळलं. खुंट्यावर पाटली आपटते, ती प्रत्येक फेऱ्याला एकदा, त्याच जागी.

रविवारी लॅपटॉप घेऊन आत्याकडे गेले. हेडफोन तिच्या कानावर बसवला, अंबाड्यामुळे नीट बसेना, मी हाताने धरून ठेवला. ती डोळे मिटून ऐकत होती. तिसऱ्या ओवीला तिने माझा हात दाबला.

"अगं थांबव. इथे माहेरचं नाव आधी यायला हवं होतं, मी सासरचं आधी घेतलं. जातं काढ खाली."