आजोबांची दुनळी तपासून घेताना

वडील गेल्यावर बंदूक माझ्या नावावर व्हायला दीड वर्ष गेलं. तोवर आजोबांची बारा बोअरची घोडेवाली दुनळी जमा होती. दोन पावसाळे काढून घरी आली तेव्हा नळ्यांवर तांबूस थर चढला होता. कुडाळजवळच्या आमच्या वाडीत भात पोटरीला आलं की डुकरं उतरतात, आणि परवाना शेतीसंरक्षणाचाच आहे. चुलतभाऊ म्हणायचा, काडतुसं आण, एक बार काढून बघ. माझा हात धजेना. शेवटचा बार निघाला त्याला तीस वर्षं झाली होती.

ठासणीच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या एकाने दोन मिनिटं पाहून ‘तेल सोडा, चालेल’ म्हटलं. त्याच्याकडे परवाना नव्हता. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार बंदूक दुरुस्त करायला आणि तिची चाचणी घ्यायलाही परवाना लागतो, म्हणून तिथून निघालो. मग शहरातल्या एका दुकानदाराने तोडगा सुचवला: बंदूक झाडाला बांधायची, लांबून दोरीने चाप ओढायचा, दोन बार टिकले की झालं. त्या संध्याकाळी मला हे पटलंही होतं. पण आतून खाल्लेली नळी दोन बार सोसून तिसऱ्याला फुटू शकते, आणि तेव्हा डावा हात नेमका तिच्याखाली असतो.

शेवटी नेमबाजी शिकवणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांना विचारलं, ‘बंदूक उडवू नका असं सांगून गिऱ्हाईक परत पाठवणारा कोणी आहे का?’ त्यांनी कोल्हापूरच्या एका म्हाताऱ्या परवानाधारक कारागिराचा पत्ता दिला. माझा परवाना महाराष्ट्रभर चालतो. मूळ परवाना खिशात ठेवला, रिकामी बंदूक सुटी करून पेटीत घातली आणि गाडीने निघालो.

‘आधी परवाना दाखवा, पाव्हणं,’ हे त्यांचं पहिलं वाक्य. परवान्यावरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी ताडून पाहिल्यावरच त्यांनी हात लावला. नळ्या दस्त्याला जोडल्या, मागचं तोंड मिटलं आणि फटीत पातळ कागदाची पट्टी सरकवली. ती आत गेली, म्हणजे सांधा झिजलेला. मग नळ्या काढून दोरीला टांगल्या आणि लाकडाच्या तुकड्याने हलकेच ठोकल्या. घंटेसारखा नाद यायला हवा होता. आला तो बसका, फुटक्या मडक्यासारखा. दोन नळ्यांमधल्या पट्टीचा डाख सुटला होता.

त्यांनी नळ्यांची खालची बाजू पुसून भिंग माझ्या हातात दिलं. बर्मिंगहॅमच्या चाचणीचे शिक्के होते आणि डाव्या नळीवर बारीक अक्षरं: ‘नॉट फॉर बॉल’. हा शिक्का १८७५ ते १८८७ या काळातच मारत. तोंडाशी आवळलेल्या नळीतून एकसंध गोळी सोडू नये, छर्रेच वापरावेत, असा त्याचा अर्थ. आजोबा गोळी नेहमी उजव्या नळीतूनच सोडायचे, हे मला तिथे आठवलं. त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

नळ्यांवरच्या ज्या लाटांना आम्ही नक्षी समजत होतो ती दमास्कसची वीण होती, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, तापवून जोडलेली. ही घडण काळ्या दारूसाठी. आजच्या बिनधुराच्या दारूसाठी ही बंदूक कधी तपासलीच गेली नव्हती. शिवाय काडतुसाची जागा अडीच इंची. पावणेतीन इंची काडतूस आत बसतं, पण उडताना त्याचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चाललं, असं मी इतके दिवस धरून चाललो होतो.

‘आता आत बघा.’ उजेडाकडे धरलेल्या उजव्या नळीत, काडतुसाच्या जागेच्या थोडं पुढे, गंजाचे खड्डे होते. मोजलं तर तिथे पत्रा अर्ध्या मिलिमीटरहून कमी. नवा सांधा, नवा डाख करून देण्याचे पैसे ते सहज घेऊ शकले असते. त्यांनी फक्त गंज काढला, तेल दिलं आणि म्हणाले, ‘ही जपा. उडवू नका.’

घरी भाऊ ओटीवर वाट पाहत होता. ‘मगे डुकरांचा काय करूचा?’ तो चिडलाच. मी नळ्या सोडवून खिडकीकडे धरल्या आणि खड्डे कुठे बघायचे ते दाखवलं. त्याने बराच वेळ डोळा लावून पाहिलं. मग नळ्या खाली ठेवल्या आणि कुंपणाला तार किती लागेल ते मोजायला शेताकडे गेला.