घामाची प्लेट

खासबागेत आमचे चार माग. मी टेक्स्टाईल शिकले आणि एम.टेक.ला उन्हाळी फौजी कापडाचा विषय घेतला. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर, त्यामुळे दौडून आलेल्या जवानांच्या पाठीवरचे मिठाचे पांढरे ओघळ लहानपणापासून बघितलेले.

काकांचं एकच म्हणणं, "पातळ ते थंड. त्याला मशीन कशाला लागतंय गं?"

मशीन म्हणजे घाम गाळणारी प्लेट. आयएसओ ११०९२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ती ३५ अंशांवर ठेवायची, साधारण कातडीइतकी. आतून डिस्टिल्ड वॉटर झिरपतं. वरचा सेलोफेनचा पडदा वाफ सोडतो, पाणी अडवतो. भोवतालच्या हवेचं तापमानही ३५च, आर्द्रता ४० टक्के, वारा सेकंदाला १ मीटर. दोन्हीकडे तापमान सारखंच, म्हणजे प्लेट खाते ती वीज निव्वळ घाम वाळवायला. त्या विजेवरून वाफेला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा काढायचा. आधी उघड्या प्लेटचा, मग कापडासकट. वजाबाकीत उरतो तो कापडाचा अडथळा. कमी तितका बरा.

ऐकायला सोपं. खरं माझा आठवडा गेला. एकाच ठाणातले तीन तुकडे, तिन्हींचे आकडे तीन दिशांना! जुलैचा पाऊस लागलेला, त्यात मी दर दहा मिनिटांनी चेंबरचं दार उघडून डोकावणार; आत ४० टक्के टिकणार कसे? दार बंद ठेवलं तरी एक तुकडा ऐकेना. शेवटी बॅटरी तिरकी धरून बघितलं, तर पडद्याखाली बडीशेपेएवढा हवेचा बुडबुडा. पडदा काढून परत ओल्या हातानं ताणून बसवला, उघड्या प्लेटचा आकडाही नव्यानं घेतला. मग तिन्ही जुळले.

निकालात ड्रिल नावाचं जाड सुती कापड पुढे, आणि आतून लेप दिलेलं तलम पॉलिएस्टर फार मागे. अर्थात प्लेट सपाट. ढगळ शर्टाखाली खेळणारी हवा, पाठीवरची सॅक तिला काय कळणार? त्यासाठी घाम गाळणारा अख्खा पुतळा लागतो. तो माझ्या नशिबात नव्हता.

दोन्ही तुकडे घरी आणले. काकांनी आकडे बघितलेच नाहीत. ड्रिल ओठाला लावून फुंकर मारली, पलीकडे तळहात धरला. मग पॉलिएस्टर. पुन्हा फुंकली. हवा आणि वाफ एकच नव्हे, हे मी सांगणार होते.

"ह्यातनं श्वासच जाईना की," काका म्हणाले, आणि ड्रिलचा तुकडा घडी करून खिशात घातला.