कुलगुरू नगरपालिकेत कशाला गेले?

मी लातूरचा आहे म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न लातूर पॅटर्नचा, म्हणजे इथल्या कॉलेजांच्या अभ्यास करून घेण्याच्या पद्धतीचा येतो. विचारणारे शिक्षणक्षेत्रातले आणि जरा जुने असले, तर दुसराही ठरलेला : "तुमचे ते जनार्दन वाघमारे सर कुलगुरू होते ना? मग नगराध्यक्ष कशाला झाले?" सर पायरी उतरले, असं त्यांच्या मनात असतं. २००८ साली ते राज्यसभेत गेले, त्याबद्दल मात्र कोणी असं विचारत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण जरा मागून सुरुवात करावी लागेल.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा इकडच्या उच्च शिक्षणाचं तोंड हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे होतं. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं. फार मोठी गोष्ट झाली, पण नांदेड-लातूरकरांना तेही लांबच. गुणपत्रिकेवरचं नाव दुरुस्त करायचं, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज द्यायचा, मायग्रेशन सर्टिफिकेट काढायचं, तर आदल्या रात्रीची एसटी धरायची आणि काम एका दिवसात झालं नाही तर मुक्काम. शेतकऱ्याच्या पोराला फीपेक्षा हा खर्च जड जायचा.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्याच दिवशी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं विद्यापीठ निघालं. त्याच वर्षीच्या १४ जानेवारीला औरंगाबादच्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडून नामविस्तार झाला होता. या दोन तारखांमागचं राजकारण इकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. शिवाय किल्लारीच्या भूकंपाला जेमतेम वर्ष होत होतं. अशा वेळी वाघमारे सर पहिले कुलगुरू झाले. जुन्या विद्यापीठात कुलगुरूला बसायला घडी बसलेला कारभार तरी मिळतो. इथे नांदेडजवळ विष्णुपुरीच्या माळावर परीक्षा विभाग, अभ्यास मंडळं, कॉलेजांची संलग्नता, सगळंच उभं करायचं होतं.

त्याआधी ते लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते. विषय इंग्रजी, पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर त्यांनी लिहिलं ते मराठीत, आणि दलित साहित्याची चर्चा करणाऱ्यांना ते उपयोगी पडलं. (हा माणूस आधी लेखक, मग प्रशासक, असं माझं मत आहे. लातुरात ते सगळ्यांना पटत नाही.)

१९७० साली सुरू झालेलं हे कॉलेज पुढे लातूर पॅटर्नचं एक मुख्य घर ठरलं. जादा तास, सराव परीक्षा, परत सराव परीक्षा, उत्तरपत्रिका तपासून चुका दाखवणं, एवढाच तो पॅटर्न. त्यात जादू काही नव्हती, पगारी प्राध्यापकांची मेहनत होती. आज आमच्याकडे खाजगी शिकवण्यांच्या भागाला ट्यूशन एरिया म्हणतात, तिथे जे चालतं तो व्यवसाय आहे. वाईट म्हणत नाही, पण दोन्हींना एकच नाव लावू नये. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकायला लागली आणि बाहेरगावची पोरं ट्रंका घेऊन यायला लागली. खोल्या, मेस, झेरॉक्सची दुकानं, रिक्षा, गावाचा पैसा या पोरांभोवती फिरायला लागला.

आता नगरपालिका. २००१ साली नगराध्यक्ष थेट मतदारांनी निवडायचा होता. नगरसेवकांच्या जुळवाजुळवीतून निवड व्हायची असती, तर कुलगुरूपद भूषवलेल्या माणसाचा तिथे कदाचित निभाव लागला नसता. थेट मतदानात मात्र गावात त्यांचे विद्यार्थी होते, विद्यार्थ्यांचे पालक होते. ते निवडून आले.

मला विचाराल तर यात उतरणं कुठे आलं? हजारो पोरं गावात आली ती कॉलेजांच्या नावावर. ती आल्यावर त्यांना पाणी, गटार, रस्त्यावरचा दिवा कोणी द्यायचा? प्राचार्य देऊ शकत नाही. कुलगुरूही देऊ शकत नाही, कारण त्याचा कायदा विद्यापीठाच्या कुंपणापाशी संपतो. ते नगरपालिकेच्याच हातात असतं. ज्यानं गर्दी वाढवायला हातभार लावला, त्यानं तिच्या पाण्याची काळजी अंगावर घेतली, यात मला तरी सरळ हिशेब दिसतो. आणि हे पद सुखाचं नाही. सकाळी फोन येतो तो नळ किती दिवसांनी येणार हे विचारायला. तिथे तुमची पीएचडी आणि तुमचे ग्रंथ कोणी बघत नाही.

लातूरचा पाणीप्रश्न त्यांच्या काळात सुटला, असं मी म्हणणार नाही. गावाला पाणी देणारं मांजरा धरण पावसावर, आणि पाऊस मराठवाड्याचा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते सगळ्या देशानं पाहिलं. तोवर नगरपालिकेची महानगरपालिकाही झाली होती. जूनमध्ये पोराला लातुरात ठेवायला येणारा शहाणा पालक खोली बघताना अजूनही आधी बोअरला पाणी आहे का ते विचारतो, मेसचं नंतर.