सेकंदाचा शंभरावा भाग पुरेनासा झाला तेव्हा

रात्रीची बॅच (एका दमात आपोआप चालणारी कामं) मध्येच बंद पडणं काही नवीन नाही, पण ही केस वेगळी होती म्हणून सविस्तर लिहितोय. खात्यांवर नोंदी टाकणारा, कोबोल भाषेतला जुना प्रोग्राम, वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणारा, अचानक एसक्यूएलकोड -८०३ हा एरर देऊन पडला. म्हणजे डीबी२ हा डेटाबेस सांगतोय, ही 'की' (नोंद ओळखायची खूण, जी दुबार चालत नाही) टेबलमध्ये आधीच आहे. सगळे म्हणाले इनपुट फाइल दोनदा आली असणार. फाइल बघितली तर एकही रेकॉर्ड दुबार नाही. मग टेबल आधीच्या स्थितीला नेऊन जॉब पहिल्यापासून चालवला तर परत पडला, पण या वेळी भलत्याच रेकॉर्डवर! डेटा तोच, प्रोग्राम तोच आणि पडायची जागा वेगळी, म्हटल्यावर घड्याळाचा संशय आला.

ही 'की' होती खाते क्रमांक अधिक टाइमस्टॅम्प, म्हणजे नोंदीची तारीख-वेळ. टेबलमधल्या नोंदी काढून बघितल्या तर टाइमस्टॅम्पच्या शेवटच्या सहा अंकांपैकी पहिले दोनच भरलेले, पुढचे चार कायम शून्य. कॉलम मायक्रोसेकंदाचा (सेकंदाचा दहा लाखावा भाग), पण प्रोग्राम वेळ घेतोय 'अ‍ॅक्सेप्ट फ्रॉम टाइम' या कोबोलच्या आदेशाने, आणि ते देतं आठ अंक: तास, मिनिट, सेकंद आणि सेकंदाचे शंभरावे भाग. बस. एका खात्याची रक्कम आणि तिच्यावरचा चार्ज अशा दोन नोंदी लागोपाठ पडतात, त्या एकाच शतांशात पडल्या तर 'की' सारखीच.

मग इतकी वर्षं कसं चाललं? तर नुकतंच मशीन बदललं होतं. आधीच्या मशीनवर दोन नोंदींमध्ये शतांश उलटून जाण्याइतका वेळ जायचा, नवीनवर तेवढ्यात कितीतरी नोंदी होतात. जुन्या मशीनचा संथपणाच इतके दिवस 'की' वेगळी ठेवत होता, हे कळल्यावर मला खरंच धक्का बसला.

एकाने सुचवलं की प्रत्येक नोंदीनंतर थोडं थांबायचं. लाखो नोंदींना शतांश शतांश थांबलो तर तासन् तास जातील, बॅच सकाळपर्यंत संपणार नाही. कोबोलचं करंट-डेट फंक्शन घ्यावं तर तेही शतांशावरच थांबतं. सीईईएलओसीटी (मेनफ्रेमवरची वेळ देणारी तयार सेवा) मिलिसेकंद देतं, म्हणजे तोच प्रश्न दहापट पुढे ढकलला. डीबी२चा करंट टाइमस्टॅम्प मायक्रोसेकंदाचा आहे, पण एकाच इन्सर्टमध्ये (नोंदी टाकण्याच्या आदेशात) अनेक रो, म्हणजे ओळी, टाकल्या तर सगळ्यांना तीच वेळ मिळते, आणि आमच्याकडे पुढे मल्टी-रो इन्सर्ट करायचं ठरलेलंच होतं. माझं स्पष्ट मत आहे की घटना कधी झाली हे घड्याळाला विचारावं, कुठली घटना हे विचारू नये.

त्या रात्री टेबल बदलणं शक्यच नव्हतं. म्हणून ते चार रिकामे शून्य वापरले: शतांश बदलला की काउंटर शून्यावर, नाहीतर एक वाढव. एका शतांशात १०,००० नोंदींची सोय झाली, क्रमही टिकला, बॅच पूर्ण झाली. पण हे कायम ठेवायला माझा ठाम विरोध होता, कारण उद्या कोणी दोन नोंदींमधलं अंतर मोजणारा रिपोर्ट लिहिला तर त्याला ते अंक खरे मायक्रोसेकंदच वाटणार. नंतर कीमध्ये वेगळा अनुक्रमांकाचा कॉलम घातला आणि टाइमस्टॅम्पमध्ये फक्त खरी वेळ राहिली.

कोड वाचताना अजून एक सापडलं. तारीख आधी एका अ‍ॅक्सेप्टने, मग वेळ दुसऱ्याने. त्या दोन ओळींच्या मध्ये रात्रीचे बारा वाजले तर तारीख कालची आणि वेळ आजच्या ००:०० ची, म्हणजे नोंद जवळजवळ २४ तास मागे! आमची बॅच तर बारा ओलांडूनच चालते. तिथे आता करंट-डेट लावलंय, एकाच वेळी तारीख आणि वेळ मिळून २१ अक्षरं येतात, त्यात १५वं-१६वं शतांश. जुन्या नोंदींमध्ये अशी मागे गेलेली एखादी आहे का ते शोधणारी क्वेरी सध्या लिहितोय.