अँकरच्या खड्ड्यात साचलेलं पाणी

तक्रार पूल हलण्याची होती. दरीवरचा १०० मीटर गाळ्याचा, म्हणजे दोन आधारांमध्ये तेवढं अंतर असलेला, पादचारी झुलता पूल. मधोमध गेलं की पाय लटपटतात, पूल कधीतरी कोसळेल, असं पर्यटकांनी लिहून दिलं होतं. तपासणीचं काम माझ्याकडे आलं ते एवढ्याच कारणाने.

म्हणून आधी हलणंच मोजलं. दोघांना मधोमध एका लयीत चालवायचं, एकदम थांबवायचं आणि घड्याळ लावून झोके मोजायचे. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, म्हणजे पुलाला खाली-वर दोन धक्के बसतात. पण डाव्या-उजव्या पावलाचं मिळून आडवं आवर्तन सेकंदाला एकच होतं. पुलाचा स्वतःचा आडवा झोका त्याच्या जवळपास असला की पंचाईत. लंडनचा मिलेनियम ब्रिज १० जून २००० रोजी खुला झाला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला, तो यामुळे. पूल जरासा हलला, तोल सावरताना लोकांची पावलं नकळत त्याच लयीत पडू लागली आणि हलणं आणखी वाढलं. हलणं शोषून घेणारे जवळजवळ ९० डॅम्पर बसवून २००२ मध्ये तो पुन्हा उघडला.

आमच्या पुलाचा आडवा झोका बराच संथ होता. बाजूचे वाऱ्याचे दोर, म्हणजे वाऱ्यात पूल आडवा हलू नये म्हणून बांधलेले दोर, ताणात होते. असा पूल हलणारच. स्वित्झर्लंडमध्ये रांडाजवळचा चार्ल्स कुओनेन पूल ४९४ मीटर लांब आणि अवघा ६५ सेंटीमीटर रुंद आहे. तिथेही पोटात गोळा येतो, पण त्यावरून पुलाची ताकद कळत नाही. ती कळते अँकरपाशी, म्हणजे मुख्य दोर काठावर काँक्रीटमध्ये जखडलेला असतो तिथे.

कारण साधं गणित आहे. माणसं, फळ्या आणि दोर मिळून मीटरमागे ३०० किलो धरा, मधला झोल, म्हणजे दोर मधोमध जेवढा खाली लोंबतो तेवढं अंतर, ५ मीटर. मीटरमागचा भार गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले झोलाची आठपट: आडवा ताण ७५ टन येतो. हलणं कमी व्हावं म्हणून दोर आवळून झोल अडीच मीटरवर आणला, तर तोच ताण १५० टन होतो. ‘जरा टाइट करून द्या’ ही मागणी प्रत्येक ठिकाणी होते, आणि ती मी कधीच मान्य करत नाही. हा सगळा ताण शेवटी काँक्रीटमधल्या सॉकेटवर, म्हणजे दोराचं टोक पकडून ठेवणाऱ्या धातूच्या खोबणीवर जातो.

एका काठाचा अँकरचा खड्डा कोरडा होता. दुसऱ्याचं झाकण उचललं तर आत घोटाभर काळं पाणी. निचऱ्याचा पाइप पाल्याने तुंबलेला. सॉकेटच्या तोंडाशी ग्रीसचा कडक थर होता. तो खरवडल्यावर खालून तपकिरी भुकटी निघाली. तारेच्या ब्रशने दोर साफ केला आणि लाकडी पाचरीने बाहेरच्या तारा हळूच उचकून पाहिल्या. तीन तारा अलगद वर आल्या. टोकं पाहिली. जास्त भाराने तुटलेली तार तुटताना मानेसारखी बारीक होते. थकव्याने तुटलेली सपाट तुटते. ही टोकं सपाट होती, कडा गंजाने खाल्लेल्या. दोर सॉकेटमध्ये शिरतो तिथे प्रत्येक झोक्यासोबत थोडा वाकतो. त्यात पाणी मुरलं की तार आधी तिथेच जाते.

स्थिर, म्हणजे चाकावरून न फिरणाऱ्या दोराच्या जोडणीशी एकाहून जास्त तुटकी तार दिसली, तर दोर बाद. मी पूल त्याच वेळी बंद करायला सांगितला. सुट्टीचे दिवस होते. ‘साहेब, निम्मी माणसं सोडू, पण चालू ठेवू,’ असा आग्रह झाला. पण सॉकेटच्या आत किती तारा गेल्या आहेत हे बाहेरून दिसत नाही. मग निम्मी म्हणजे कशाच्या निम्मी? फ्रान्समध्ये ऑंजेचा पूल १६ एप्रिल १८५० रोजी सैनिकांसह पडला, २२६ माणसं गेली. तिथे अँकरमधल्या तारांपासून सिमेंट सुटलं होतं आणि पाणी आत मुरून तारा गंजल्या होत्या. मोरबीत ३० ऑक्टोबर २०२२ रोजी पूल तुटला. त्याच्या एका केबलमधल्या ४९ पैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या, असं चौकशीत आढळलं. वरच्या फळ्या मात्र नव्या होत्या. या दोन्ही घटना मी तिथेच सांगितल्या. त्यानंतर फाटकाला कुलूप लागलं.

दुरुस्तीत पहिलं काम म्हणजे ताण तात्पुरत्या दोरावर घेणं. त्याआधी जुन्या सॉकेटला हात लावायचा नाही. मग नवा, आधीच ताणून घेतलेला दोर चढवला. सॉकेट काँक्रीटच्या बाहेर, चहूबाजूंनी दिसेल असं घेतलं. खड्ड्याला उतार आणि मोठा पाइप दिला. झोल पहाटे मोजला, कारण उन्हात दोर लांबतो. वाऱ्याच्या एका दोरावर यू-बोल्ट क्लिप (दुमडलेल्या दोराचे दोन पदर एकत्र आवळणारी पकड) उलटी होती: ओतीव बैठक भार घेणाऱ्या दोराकडे हवी, ती मोकळ्या टोकाकडे होती, त्यामुळे बोल्टने कामाचा दोरच चेपला होता. तो भाग कापून क्लिपा व्यासाच्या सहापट अंतराने बसवल्या.

भारचाचणीला पाण्याची पिंपं मधून दोन्ही काठांकडे सारख्या संख्येने मांडली. पिंपं उतरवल्यावर टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) क्लिपा पुन्हा तपासल्या, तर जवळजवळ प्रत्येक नट थोडा फिरला. भार आल्यावर दोर बारीक होतो आणि नट सैल पडतात. म्हणून लोक ये-जा करू लागल्यावर पहिल्या महिन्यात ते आणखी एकदा आवळायचे, हे देखभालीच्या वहीत तारखेसह लिहून सही घेतली.