पाचपट, पण कशाच्या?

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं भूसंपादन पालघर जिल्ह्यात चालू होतं, तेव्हा मी मूल्यांकनाच्या कामावर होतो. टेबलावर हिशेब सोपा. रेल्वेमार्गासाठी घ्यायच्या पट्ट्याची रुंदी साडेसतरा मीटर, म्हणजे शंभर मीटर लांबीला सव्वासतरा गुंठे. ग्रामीण भागात बाजारमूल्य गुणिले दोन, त्यावर २०१३ च्या भूसंपादन कायद्याची शंभर टक्के दिलासा रक्कम, झाले चौपट. मालकानं राजीखुशीनं खरेदीखत करून दिलं तर त्या चौपटीवर आणखी २५ टक्के. म्हणून गावोगाव 'पाचपट, पाचपट' चाललेलं असे. कशाच्या पाचपट, हे मात्र कोणी विचारायचं नाही.

डहाणू तालुक्यात एका चिकूच्या वाडीत संयुक्त मोजणी होती. पट्टा वाडीतून तिरका जात होता. जमीन जेमतेम नऊ गुंठे, पण दुपार झाली तरी झाडंच मोजून होईनात. कृषी सहायक प्रत्येक खोडाला टेप लावून घेर सांगे, वाडीवाले काका लगेच त्या झाडाचं वय आणि गेल्या हंगामाचं फळ सांगत. एका झाडाचं खोड रेषेबाहेर, निम्म्या फांद्या आत. भूकरमापक म्हणाला, "खोड बाहेर, म्हणजे झाड बाहेर." काका म्हणाले, "मग तुमची गाडी काय फांद्या वाकवून जानार?" झाड धरलं.

पट्ट्यापलीकडे दोन गुंठ्यांचा तिकोनी तुकडा उरत होता आणि विहीर अलीकडे. त्याला पाणी न्यायचं कसं? तुकडे पडल्याचं नुकसान कायद्यात धरलेलं आहे, पण आमच्या प्राथमिक अंदाजपत्रकात त्याला रकानाच नव्हता.

खरी गोम सातबाऱ्यावर निघाली. काकांच्या वडिलांचंच नाव अजून वर, वारसनोंद झालेलीच नाही. तीन भाऊ, दोन बहिणी, एक सुरतेला दिलेली. सगळ्यांच्या सह्या झाल्या तरच थेट खरेदी आणि तरच ते २५ टक्के. एकीनं जरी हात आखडला, तर ते गेले. मग सक्तीचं संपादन, आणि अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के. जमीन तीच, झाडं तीच, रक्कम ठरणार सुरतेच्या आत्यांच्या सहीवर.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. मी दोन आकडे सांगितले, सह्या झाल्या तर हा, नाही झाल्या तर हा. "फॉर्मात एकच रकाना आहे हो," ते म्हणाले. मी सह्यांवाला भरला, तो मोठा होता. शेऱ्यात लिहिलं, 'वारसनोंद प्रलंबित.'