स्क्रीन दोन, आवाज नाही

८ जुलै २०१८, रविवार. आदल्या दिवशी इंग्लंडनं फुटबॉलच्या विश्वचषकात स्वीडनला २-० हरवलं होतं, त्यामुळे अर्ध्या गावाचा घसा बसलेला आणि उरलेल्या अर्ध्याचं डोकं ठणकत होतं. त्यात ऊन. मिरजेत उन्हाळ्यात लोक गारव्यासाठी थिएटरात यायचे. इथले लोक ऊन पडलं की बागेत जाऊन स्वतःला भाजून घेतात. तरी स्क्रीन दोनचे खेळ भरले होते. बीटल्स या लिव्हरपूलच्या बँडच्या गाण्यांवरच्या ‘यलो सबमरीन’ या कार्टूनपटाला पन्नास वर्षं झाली म्हणून तो त्या एकाच दिवसासाठी ब्रिटन-आयर्लंडभर पुन्हा लागला होता.

लिव्हरपूलपासून ट्रेननं तासाभरावरच्या गावात मी प्रोजेक्शन बघतो. म्हणजे तिकिटं तपासतो, पॉपकॉर्नचं मशीन पुसतो, बंद पडलेला फ्रीज ढकलतो आणि उरलेल्या वेळात प्रोजेक्शन. माझा मामा ऑपरेटर होता. त्याला खेळ चालू असताना केबिन सोडता यायची नाही, प्रोजेक्टरच्या दिव्यातला कार्बन जळून संपतोय का याकडे एक डोळा कायम. आता सगळे खेळ आपोआप सुरू होतात, पडदे आपोआप सरकतात, म्हणून कंपन्यांनी केबिनमधली माणसं काढली. काही बिघडलं तर ते मात्र आपोआप दुरुस्त होत नाही.

चित्रपट येतो हार्ड डिस्कवर, पण कुलूपबंद. ते उघडायची चावी वेगळी, ईमेलनं येते. ती ठरावीक सर्व्हरला आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते. आमची रविवारी रात्री ११.५९ पर्यंत होती. चावी चढवली, मग पडद्याच्या कडा लावल्या. हे चित्र आजच्या चित्रपटांपेक्षा अरुंद, त्याची रुंदी उंचीच्या १.६६ पट. दोन्ही बाजूंना काळे पट्टे उरतात, ते कापडानं झाकले नाहीत तर रंग फिके वाटतात. आपोआपवाल्या यंत्रणेत या मापाचं बटणच नाही. मी हातानं लावलं, आणि हे कोणाच्या लक्षात आलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. २०१२ साली हा चित्रपट स्वच्छ केला तेव्हा धूळ आणि ओरखडे एकेका चौकटीवर माणसांनी हातानं काढले होते. सॉफ्टवेअर लावलं असतं तर त्यानं धुळीबरोबर या चित्रपटाचा चित्रकार हाइन्झ एडलमनच्या रेघाही खाल्ल्या असत्या.

दुपारच्या खेळाला वॉकी-टॉकी वाजला. आमची दारावरची पोरगी, वय एकोणीस. ‘‘स्क्रीन दोनवर काळे ठिपके आलेत. खूप! एक काका तक्रार करतायत.’’ मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. लेन्स खराब झाली की काय म्हणून काळजाचा ठोका चुकला. काचेतून बघतो तर भोकांचा समुद्र. पांढऱ्यावर काळी भोकं, आडवी, उभी, क्षितिजापर्यंत, आणि माणसं एका भोकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतायत. खाली जाऊन काकांना म्हटलं, ते तसंच आहे. ते म्हणाले, ‘‘१९६८ मध्ये एवढी नव्हती.’’

पाच वाजताच्या खेळाला मात्र खरंच बिघडलं.

केबिनचं एसी तीन आठवडे बंद होतं. मी चार वेळा लिहून कळवलं होतं. अ‍ॅम्प्लिफायर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. त्या संध्याकाळी पडद्यामागच्या तिन्ही स्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर एकदम गेले. भिंतींवरचे स्पीकर चालू होते, पण त्यांच्यातून काय येणार? नुसती कुजबुज, शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखी. पडद्यावर राक्षसांचा समुद्र सुरू होता.

नियम सोपा आहे: खेळ थांबवा, दिवे लावा, माफी मागा, मागे नेऊन पुन्हा लावा. मी तसं केलं नाही. खरं सांगायचं तर आधी रॅककडे धावलो. वीज बंद केली, पाठीमागची जाळी काढून फाइलनं वारा घालत उभा राहिलो. लगेच चालू केलं तर परत बसणार, हे अनुभवानं माहीत. आणि मग काचेतून खाली बघितलं.

कोणी उठलं नव्हतं. मिरजेत एव्हाना शिट्ट्या, शिव्या आणि खुर्च्यांचा आवाज झाला असता; इंग्रज माणूस थिएटरला आग लागली तरी आधी शेजाऱ्याकडे बघेल. पण हे तसलं अवघडून बसणं नव्हतं. पडद्यावर सोंडेनं सगळं ओढून घेणारा तो प्राणी आला. इतर राक्षस गिळले, मग समुद्र गिळला. पुढच्या रांगेतल्या एका पोरानं तोंडानं ‘सुर्रर्रर्र’ केलं. मग दुसऱ्यानं. मग बहुतेक सगळी पोरं आणि दोन-तीन आजोबा. प्राण्यानं आपलीच शेपटी सोंडेत घेतली आणि स्वतःलाच ओढून घेतलं. ‘सुर्रर्रर्र... प्लॉप!’ पडदा पांढराफटक. सगळे हसले. मी मात्र तेवढ्यात वर घामानं निथळत, आता चित्रही गेलं असं समजून प्रोजेक्टरकडे वळलो होतो.

अ‍ॅम्प्लिफायर परत आले ते जेरेमी नावाच्या त्या बडबड्या, सर्वज्ञ, एकलकोंड्या प्राण्याच्या बोलण्यावर. मग ‘नोव्हेअर मॅन’. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आवाज गेला होता तो चार मिनिटांना थोडा कमी.

खेळ सुटल्यावर सत्तरीच्या एक बाई काउंटरवर आल्या. मी बीटल्सना ऐकायला आले होते, म्हणाल्या, आणि तुम्ही मला चार मिनिटं मुकं बसवलंत. बरोबर होतं त्यांचं. मी फुकट पास दिला. त्या चार मिनिटांतले संवाद बीटल्सनी म्हटलेलेच नाहीत, नटांनी म्हटलेत, हे मात्र गिळलं. बीटल्स स्वतः येतात ते शेवटी, दोन मिनिटं, हाडामांसाचे. करारातला एक चित्रपट द्यायचा राहिला होता, तो असा उरकावा आणि चार नवी गाणी द्यावीत, एवढाच त्यांचा उत्साह होता.

खाली आवराआवर करताना मी पोरीला म्हटलं, बघ, गाण्यांशिवायही टिकला. पन्नास वर्षं हा चित्रपट एडलमनच्या चित्रांवर उभा आहे, बीटल्स नुसते दारावरची पाटी. मी आधीच रंगात होतो. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन येतो तिथे ‘लव्ह यू टू’चा तुकडा वाजतो आणि त्या गाण्यावरचा तबला अनिल भागवत यांचा, ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बमच्या वेष्टनावर नाव छापलंय, भागवत म्हणजे आमच्याकडचं आडनाव, हे तिला दिवसातून तिसऱ्यांदा ऐकवून झालं होतं. तिनं झाडू थांबवला. ‘‘पण आवाज गेला तिथे गाणं कुठे होतं?’’

नव्हतंच. ‘व्हेन आय’म सिक्स्टी-फोर’ होऊन गेलेलं, ‘ओन्ली अ नॉर्दर्न साँग’ होऊन गेलेलं, ‘नोव्हेअर मॅन’ यायचं. माझे अ‍ॅम्प्लिफायर नेमके दोन गाण्यांमधल्या जागेत बसले होते.

शेवटचा खेळ सुटला तेव्हा अकराला दहा कमी होते. सगळ्यांना घरी पाठवलं, पॉपकॉर्नचं मशीन पुसलं, हिशेब लावला आणि रिकाम्या स्क्रीन दोनमध्ये ‘एलिनॉर रिग्बी’ लावलं. आवाज शून्यावर.

हा भाग मी पंचवीसेक वेळा तरी बघितला असेल. करडं लिव्हरपूल, फोटोंवरून केलेलं, आणि वरून एकच रंगीत गोष्ट तरंगत जाते ती पाणबुडी. मुक्यानं बघताना पहिल्यांदा जाणवलं की यात जवळजवळ कोणी हलतच नाही. लाल आणि निळ्या सदऱ्यातले दोन फुटबॉल खेळाडू आहेत. तेच दोन-तीन फोटो पुढे-मागे, पुढे-मागे. टेलिफोनच्या खोक्यातली माणसंही तशीच, तेवढीच हालचाल घोकत. अकरा महिन्यांत अख्खा चित्रपट काढायचा, पैसा बेताचा, रात्रपाळीला चित्रकलेच्या कॉलेजातली पोरं आणून रंग भरून घ्यायचे. अशा वेळी एक हालचाल काढून तीच फिरवत ठेवणं म्हणजे शुद्ध काटकसर. आवाजाशिवाय ती काटकसर उघडी पडली. नुसतं अडकलेलं मशीन.

मग मागे नेलं, आवाज नेहमीच्या जागी आणला आणि पुन्हा लावलं. व्हायोलिनचे ते तुटक फटकारे सुरू झाले आणि तेच दोन खेळाडू, तेच फोटो, तीच पुढे-मागे. आता ती माणसं अडकलेली होती, मशीन नव्हे. कोणी रविवारी संध्याकाळी खिडकीशी बसून तेच ते करत राहतो, तशी. मी या गावात पहिला हिवाळा एकट्यानं काढला होता. ते असो.

म्हणजे बाईंचं बरोबर? मग त्या पोरांच्या सुर्रर्रचं काय करायचं? तिथे तर एडलमन एकटाच पुरला. ‘लूसी इन द स्काय’ या गाण्याचं काय होईल? तिथे जुन्या चित्रपटांतल्या नाचणाऱ्या माणसांवर ब्रशनं रंग चढवलाय, चौकटीगणिक वेगळा, त्यामुळे बाई सतत थरथरत असते. तो थर गाण्याशिवाय उभा राहील असं मला वाटत होतं. ते बघायचं ठरवलं, खुर्चीतून उठलो, वर गेलो.

चालू असलेला खेळ सर्व्हर मध्येच तोडत नाही. पण चावीची वेळ संपली की नव्यानं सुरूही करू देत नाही. घड्याळात १२.०२ झाले होते. मी तरी बटण दाबलं. लाल अक्षरं आली.

अ‍ॅम्प्लिफायरची वीज बंद केली. फाइल अजून रॅकवरच पडली होती. एसीच्या तक्रारींची.